'आणि पार्टी' : सातारा-सांगली परिसरातील फड, बदलते साथीदार आणि ध्वनिमुद्रिका

प्रस्तावना

महाराष्ट्राच्या प्रयोगकलांच्या इतिहासात कृष्णाकाठच्या सातारा व सांगली या जिल्ह्यांचे स्थान महत्त्वाचे आहे. विष्णुदास भावे यांनी १८४३ मध्ये सांगली संस्थानात 'सीता स्वयंवर' सादर केले आणि मराठी रंगभूमीचा प्रारंभ झाला, ही घटना सर्वपरिचित आहे. याच परिसरातील सावळज (ता. तासगाव) येथील उमाबाबू यांचे नाव 'मोहना बटाव' या आद्य वगाशी जोडले जाते. हा वग १८६५ च्या सुमारास रंगभूमीवर आला. नागर रंगभूमी आणि तमाशातील वग या दोहोंची मुळे अशी एकाच भूमीत सापडतात. नागर रंगभूमीचा इतिहास मात्र तपशीलवार लिहिला गेला. किर्लोस्कर नाटक मंडळीतून कोण केव्हा बाहेर पडले, १९१३ मध्ये गंधर्व नाटक मंडळी कोणी स्थापन केली, १९१८ मध्ये बळवंत संगीत मंडळी कोणी काढली, हे नाट्याभ्यासकाला पाठ असते. तमाशाचे फड आणि शाहिरी पथके यांच्याविषयी अशी नोंद क्वचितच आढळते.

पाश्चात्त्य लोकप्रिय संगीताच्या इतिहासलेखनात वाद्यवृंदातील सदस्यबदल हा अभ्यासाचा स्वतंत्र विषय मानला जातो. बीटल्समध्ये १९६२ मध्ये पीट बेस्टच्या जागी रिंगो स्टार आला किंवा आयर्न मेडन या हेवी मेटल वाद्यवृंदात १९८१ मध्ये पॉल डिआनोच्या जागी ब्रूस डिकिन्सन आला, या बदलांनी त्या वाद्यवृंदांचा नाद कसा पालटला याची चर्चा आजही होते. तेथे ही चर्चा शक्य होते, कारण ध्वनिमुद्रणासोबत प्रत्येक वादकाचे नाव नोंदले गेलेले असते. मराठी फडांच्या बाबतीत ध्वनिमुद्रिकेने नेमके उलट कार्य केले, असे दिसते. तिने एक आवाज जपला आणि त्या आवाजाभोवतीची माणसे 'आणि पार्टी' या दोन शब्दांत सामावून टाकली. प्रस्तुत लेखात या प्रक्रियेचा विचार केला आहे.

उद्दिष्टे

१. सातारा-सांगली परिसरातील निवडक फड व कलापथके यांच्या घडणीचा आणि सदस्यबदलांचा आढावा घेणे.
२. ध्वनिमुद्रिकेपर्यंतच्या त्यांच्या प्रवासाचे स्वरूप तपासणे.
३. ध्वनिमुद्रिकेमुळे सामूहिक कर्तृत्वाच्या नोंदीवर झालेला परिणाम स्पष्ट करणे.

अभ्यासक्षेत्राविषयी एक खुलासा आवश्यक आहे. आजच्या सांगली जिल्ह्याचा बराच भाग पूर्वी सातारा जिल्ह्यात होता. १९४९ मध्ये दक्षिण सातारा हा स्वतंत्र जिल्हा निर्माण झाला आणि १९६० मध्ये त्यास सांगली हे नाव मिळाले. त्यामुळे जुन्या कलावंतांच्या चरित्रांत 'सातारा जिल्हा' असा उल्लेख आला, तरी त्यांची गावे आज सांगली जिल्ह्यात असू शकतात.

फडाची रचना आणि जोडनावे

तमाशाचा फड हा मुळातच समूह आहे. गण, गवळण, बतावणी, रंगबाजी आणि वग असा त्याचा क्रम. त्यातील प्रत्येक अंग वेगळ्या माणसाच्या कसबावर उभे असते. कवने रचणारा शाहीर, पुढे उभा राहून गाणारा सरदार, हजरजबाबी सोंगाड्या, नाच्या आणि नंतरच्या काळात नर्तकी, ढोलकीवाला, हलगीवाला, तुणतुणे धरणारा आणि सूर ओढून धरणारे सुरते अशी ही मांडणी आहे. पोवाड्याच्या पथकात डफ घेतलेला शाहीर पुढे असतो, परंतु मागचे झीलकरी जोपर्यंत 'जी जी' करून ओळ उचलत नाहीत, तोपर्यंत पोवाडा पुढे सरकत नाही. झीलकरी ओळ उचलतात त्या अवधीत शाहीर श्वास घेतो आणि पुढची ओळ जुळवतो. म्हणजेच झील हा रचनेचाच एक घटक आहे.

या सामूहिकतेची जाणीव परंपरेला होती, याचा पुरावा फडांच्या नावांत सापडतो. पेशवाईतील होनाजी-बाळा या नावात दोन व्यक्ती आहेत. होनाजी कवने रचत आणि बाळा ती गात. नारायणगावचे भाऊ-बापू, कवलापूरचे सातू-हिरू, पुढे शिवा-संभा, नंतर काळू-बाळू, वाईच्या यमुना-हिरा-तारा, ही सर्व जोडनावे आहेत. फड कोणा एकाचा नसतो, हे या नावांतच सांगितलेले आहे. ध्वनिमुद्रिकेच्या लेबलवर आलेले नाव या जोडनावांशी ताडून पाहिले, म्हणजे मधल्या काळात काय बदलले ते ध्यानात येते.

पठ्ठे बापूराव : फडातील पहिला मोठा बदल

श्रीधर कृष्णा कुलकर्णी ऊर्फ पठ्ठे बापूराव (१८६६-१९४५) यांचा जन्म रेठरे हरणाक्ष (ता. वाळवा) या गावचा. कुलकर्णी घराण्यातील ब्राह्मण तरुणाने तमाशाच्या फडात उभे राहणे ही त्या काळी समाजाला धक्का देणारी गोष्ट होती. बापूरावांनी तो धक्का दिला आणि त्याची किंमतही मोजली. घर, गाव आणि जात यांपासून ते दुरावले.

त्यांच्या फडाचे रूप खऱ्या अर्थाने पालटले ते पवळा या नर्तकीच्या आगमनाने. हिवरगाव पावसा (ता. संगमनेर) येथील महार समाजातील ही कलावती 'नामचंद पवळा' या नावाने ओळखली गेली. बापूरावांचे शब्द आणि पवळेची अदा व गळा यांच्या संयोगाने मुंबईच्या तमाशा थिएटरांतून या फडाची कीर्ती पसरली. 'मिठाराणी'सारखे वग लोकप्रिय झाले. पुढे दोघांचे बिनसले आणि पवळा फडातून वेगळी झाली. त्यानंतर पूर्वीचे वैभव त्या फडाला पुन्हा लाभले नाही. बापूरावांची अखेरची वर्षे पुण्यात विपन्नावस्थेत गेली.

इतिहासाच्या दृष्टीने या घटनाक्रमातून एक प्रश्न उभा राहतो. बापूरावांची कवने छापील संग्रहांतून आणि इतर फडकऱ्यांच्या कंठातून टिकली. पवळेचे कर्तृत्व नादात आणि देहबोलीत होते. ते कागदावर उतरणे शक्यच नव्हते. छापखान्याने शब्दकर्त्याला जपले आणि गाणाऱ्या-नाचणाऱ्या स्त्रीला दंतकथेच्या स्वाधीन केले. १९५० मध्ये राजा नेने यांचा चित्रपट आला, त्याचे नावही 'पठ्ठे बापूराव' असेच होते. कर्तृत्वाची नोंद कोणाच्या नावे होते हे माध्यमावर अवलंबून असते, याचे हे या परिसरातील ठळक उदाहरण होय. त्यात जात आणि लिंग या दोन्ही घटकांचा प्रभाव आहे हे उघड आहे.

कवलापूर आणि वाई : घराण्यातून चालणारे फड

कवलापूर (ता. मिरज) येथील खाडे घराण्याचा फड हे वेगळ्या प्रकारच्या सदस्यबदलाचे उदाहरण आहे. सातू-हिरू, शिवा-संभा आणि काळू-बाळू या पिढ्यांनी तो चालविला. लहू आणि अंकुश खाडे हे जुळे भाऊ. 'जहरी प्याला' या वगातील त्यांच्या विनोदी भूमिका इतक्या गाजल्या, की काळू-बाळू हीच त्यांची ओळख ठरली. दिसण्यातील साम्याचा उपयोग विनोदासाठी करणे आणि एकाचे वाक्य दुसऱ्याने पूर्ण करणे ही त्यांची खासियत होती. अशा फडात बदल वारशाने होतो. बापाची जागा मुलगा घेतो, चुलत्याची जागा पुतण्या घेतो आणि नाव बदलले तरी फडाची चाल टिकून राहते.

वाई येथील यमुनाबाई वाईकर (१९१५-२०१८) यांचा फडही नात्यागोत्यावर उभा होता. कोल्हाटी समाजात जन्मलेल्या यमुनाबाईंनी आप्त स्त्रियांसह यमुना-हिरा-तारा या नावाने संगीत पार्टी चालविली. बैठकीची लावणी अदाकारीसह सादर करण्यात त्यांचा हातखंडा होता. त्यांना १९७७ मध्ये संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार आणि २०१२ मध्ये पद्मश्री मिळाली. हे दोन्ही सन्मान व्यक्तीला दिले जातात. त्यामुळे राष्ट्रीय स्तरावर यमुनाबाईंचे नाव राहिले आणि हिरा व तारा ही नावे केवळ जाणकारांच्या स्मरणात उरली. सन्मान योग्यच होता, परंतु जोडनाव सुटत जाण्याची प्रक्रिया येथेही दिसते.

लाल बावटा कलापथक

अण्णाभाऊ साठे (१९२०-१९६९) यांचा जन्म वाटेगाव (ता. वाळवा) येथे मातंग समाजात झाला. नातलगांपैकी बापू साठे यांच्या तमाशाच्या फडात त्यांना या कलेचे प्रत्यक्ष शिक्षण मिळाले. मुंबईत गिरणी कामगारांमध्ये आणि कम्युनिस्ट चळवळीत वावरताना त्यांनी अमर शेख व द. ना. गव्हाणकर यांच्यासह १९४४ मध्ये लाल बावटा कलापथक उभे केले. या तिघांचे गुण परस्परपूरक होते. अण्णाभाऊंची लेखणी व अभिनय, बार्शीच्या अमर शेखांचा पहाडी आवाज आणि गव्हाणकरांची रचना व सादरीकरण यांतून पथकाचा नाद घडला. अण्णाभाऊंनी गणातून देवतास्तुती वगळून श्रमिकांना वंदन केले. गवळणीलाही फाटा दिला, आणि 'अकलेची गोष्ट'सारख्या वगांतून राजाच्या जागी सावकार व शेटजी आणले.

स्वातंत्र्यानंतर मुंबई सरकारने अश्लीलतेच्या कारणावरून तमाशावर बंदी घातली. पुढे संहिता तपासून परवानगी देण्याची पद्धत आली. या काळात 'लोकनाट्य' हे नाव रूढ झाले. कलापथकातील तिघांच्या वाटा पुढे निराळ्या झाल्या. अमर शेखांनी स्वतःचे कलापथक चालविले आणि अण्णाभाऊ कथा-कादंबरीकडे अधिक वळले. त्यांची 'फकिरा' ही कादंबरी १९५९ मध्ये प्रसिद्ध झाली.

ध्वनिमुद्रिकेच्या संदर्भात या पथकाची अडचण दुहेरी होती. एक म्हणजे त्यांचे सादरीकरण सरकारला अप्रिय होते आणि ध्वनिमुद्रिका कंपनी हा व्यापार होता. दुसरे म्हणजे त्यांच्या गाण्याचा अर्थ सभेच्या प्रसंगावर अवलंबून असे. 'माझी मैना गावावर राहिली' ही छक्कड संयुक्त महाराष्ट्राच्या सभांतून गाजली. गावाकडे राहिलेल्या पत्नीच्या विरहाचे रूपांतर तीत महाराष्ट्राबाहेर राहिलेल्या मराठी मुलखाच्या विरहात होते. सातारा-सांगलीकडून मुंबईच्या गिरण्यांत आलेल्या श्रोत्यांना त्यातील दोन्ही विरह ओळखीचे होते. हा श्रोता स्टुडिओत नसतो. त्यामुळे या पथकाची स्मृती मुख्यतः छापील पुस्तिका, चळवळीतील पुढील शाहिरांचे गायन आणि ऐकणाऱ्यांच्या आठवणी यांतून टिकून राहिली.

ध्वनिमुद्रिकेचे तंत्र व त्याच्या मर्यादा

भारतात ग्रामोफोन कंपनीने १९०२ मध्ये कलकत्त्यात ध्वनिमुद्रण केले. १९०८ मध्ये कलकत्त्यातील सियालदह येथे तबकड्यांचा कारखाना सुरू झाला. आरंभीच्या पद्धतीत मायक्रोफोन नव्हता. गायकाला कर्ण्यासमोर तोंड धरून गावे लागे आणि मोठ्या आवाजाची वाद्ये मागे सरकवावी लागत. १९२५ नंतर विद्युत ध्वनिमुद्रण आले आणि ही अडचण कमी झाली. तथापि ७८ फेऱ्यांच्या दहा इंची तबकडीची एक बाजू सुमारे तीन मिनिटांची असे. ही मर्यादा पुढे अनेक वर्षे कायम राहिली.

रात्रभर चालणारा फड तीन मिनिटांत बसविताना काय निवडले गेले, हे पाहण्यासारखे आहे. सुटी लावणी, गवळण, छोटी बतावणी किंवा दोन बाजूंवर विभागलेला पोवाडा तबकडीवर मावत असे. वग मावत नसे. ज्या फडाचे सामर्थ्य वगात आणि उत्स्फूर्त संवादात होते, त्याला या माध्यमाने जवळजवळ वगळले. ढोलकी-हलगीची जुगलबंदीही आखडली गेली, कारण श्रोत्यांच्या शिट्ट्या-टाळ्यांवर ती लांबते किंवा आवरते.

दुसरा मार्ग चित्रपटाचा होता. 'लोकशाहीर राम जोशी' (१९४७) आणि 'सांगत्ये ऐका' (१९५९) या चित्रपटांनी लावणी घरोघरी पोहोचविली. पण या मार्गाने लावणी तबकडीवर आली ती पार्श्वगायिकांच्या आवाजात. सुलोचना चव्हाण यांनी लावणीला जी प्रतिष्ठा मिळवून दिली ती निर्विवाद आहे. त्या फडातून आलेल्या नव्हत्या, ही बाबही तितकीच लक्षणीय आहे. फडातील गायिकांच्या वाट्याला या तबकड्यांचा लाभ क्वचितच आला. उलट चित्रपटातील लावण्या गाण्याची फर्माईश त्यांना प्रेक्षकांकडून होऊ लागली.

शाहीर साबळे आणि पार्टी

या पार्श्वभूमीवर पसरणी (ता. वाई) येथील शाहीर कृष्णराव साबळे (१९२३-२०१५) यांचा प्रवास विशेष ठरतो. बालपणी बासरीवादनाची आवड, अमळनेरच्या वास्तव्यात लाभलेला साने गुरुजींचा सहवास आणि स्वातंत्र्यलढ्याचे वातावरण यांतून त्यांची शाहिरी घडली. मुंबईत त्यांनी उभारलेले पथक एचएमव्हीच्या ध्वनिमुद्रिकांवर 'शाहीर साबळे आणि पार्टी' या नावाने आले.

हे पथक दोन पातळ्यांवर काम करीत होते. रंगमंचावर ते मुक्तनाट्याचे पथक होते. 'यमराज्यात एक रात्र' आणि 'आंधळं दळतंय' या मुक्तनाट्यांत राजा मयेकर, सुहास भालेकर यांच्यासारखे कसलेले नट होते. तेथे सोंगाड्याचे महत्त्व शाहिराइतकेच असे आणि नट बदलला की प्रयोगाचा रंग बदले. ध्वनिमुद्रिकेवर मात्र साबळे यांचा आवाज केंद्रस्थानी राहिला आणि पार्टी समूहगानापुरती उरली. पत्नी भानुमती साबळे यांचा गीतकार म्हणून या कार्यात मोठा वाटा होता. परंतु रसिकांच्या तोंडी नाव राहिले ते शाहिरांचे.

'गर्जा महाराष्ट्र माझा' हे गीत या बदलाचा कळस म्हणावे लागेल. शब्द राजा बढे यांचे, संगीत श्रीनिवास खळे यांचे आणि आवाज साबळे यांचा. फडात कवन, चाल आणि गायन ही कामे एकत्र वावरणाऱ्या माणसांत वाटलेली असत. येथे ती कवी, संगीतकार व गायक अशा स्वतंत्र व्यावसायिकांत विभागली गेली. झीलकऱ्यांची जागा स्वररचनेप्रमाणे गाणाऱ्या कोरसने घेतली. गीताच्या परिणामात त्यामुळे उणेपणा आला नाही, उलट त्याला भव्यता आली. २०२३ मध्ये महाराष्ट्र शासनाने या गीतास राज्यगीताचा दर्जा दिला, तेव्हा त्याचे दोन चरणांचे, पावणेदोन मिनिटांच्या आतले रूप स्वीकारण्यात आले. रात्रभराच्या फडापासून तीन मिनिटांच्या तबकडीपर्यंत आणि तेथून राज्यगीतापर्यंतचा हा संकोच शाहिरीच्या शतकभराच्या प्रवासाचे द्योतक आहे.

साबळे यांनी मात्र समूहाचे महत्त्व कधी नाकारले नाही. 'महाराष्ट्राची लोकधारा' या कार्यक्रमातून त्यांनी तरुण कलावंतांच्या अनेक तुकड्या घडविल्या. भरत जाधव, अंकुश चौधरी आणि त्यांचे नातू केदार शिंदे हे त्याच मुशीतून पुढे आले. १९८४ मध्ये संगीत नाटक अकादमी पुरस्कार व १९९८ मध्ये पद्मश्री मिळविणाऱ्या या शाहिराच्या पार्टीत सदस्यबदल हीच शिक्षणाची पद्धत बनली होती. कोणी शिकून बाहेर पडे, तेव्हा नव्याला जागा होई.

आकाशवाणी आणि कॅसेट

१९६३ मध्ये सांगली येथे आकाशवाणी केंद्र सुरू झाले आणि या परिसरातील कलावंतांना मुंबई-पुण्याची वाट न धरता ध्वनिमुद्रणाची सोय झाली. भजनी मंडळे, शाहिरी पथके, धनगरी ओव्या गाणारे समूह स्टुडिओत आले. निवेदनात 'शाहीर अमुक आणि सहकारी' असा उल्लेख होऊ लागला. पार्टी हा शब्द गेला, तरी नावांचा प्रश्न तसाच राहिला.

कॅसेटने काळाची मर्यादा दूर केली. एका कॅसेटवर तासभराचा मजकूर मावू लागला आणि वग प्रथमच सलगपणे ऐकण्याजोगा झाला. ट्रॅक्टरवर, गुऱ्हाळावर आणि एस.टी. थांब्यावरच्या हॉटेलांत वग वाजू लागले. सोंगाड्याचा आवाज पुन्हा शाहिराच्या बरोबरीने आला. परंतु कॅसेटच्या वेष्टनावर जागा थोडी होती. ढोलकीवाला आणि सुरते तेथेही क्वचितच पोहोचले.

निष्कर्ष

१. सातारा-सांगली परिसरातील फडांचे सदस्यबदल तीन प्रकारचे दिसतात. पठ्ठे बापूराव-पवळा आणि लाल बावटा यांच्याबाबतीत फाटाफुटीने, कवलापूरकरांच्या बाबतीत वारशाने आणि साबळे यांच्या पार्टीत शिक्षणाच्या ओघाने बदल झाले.

२. ध्वनिमुद्रिकेपर्यंत पोहोचण्याची संधी सर्वांना सारखी नव्हती. सुटे गीत असणाऱ्या शाहिराला ती मिळाली. वगावर भिस्त असणारा फड, सत्तेला अप्रिय पथक आणि फडातील स्त्री कलावंत मागे राहिल्या.

३. जोडनावाकडून 'आणि पार्टी'कडे झालेला प्रवास हा कर्तृत्वाच्या कल्पनेतील बदल आहे. लोकपरंपरेने दोघा-तिघांच्या नावे ओळखलेली कला नव्या माध्यमांनी एका नावे नोंदविली. मागे राहिलेल्या नावांत मातंग, महार, कोल्हाटी इत्यादी समाजांतील वादक व गायिकांची संख्या मोठी असल्याने ही केवळ कलाक्षेत्रातील उणीव राहत नाही. सामाजिक इतिहासातील ती पोकळी आहे.

४. ही पोकळी काही अंशी भरून काढणे अद्याप शक्य आहे. यात्रेच्या सुपाऱ्यांच्या वह्या, फडमालकांचे हिशेब, कार्यक्रमांची हस्तपत्रके आणि गावोगावच्या वृद्ध वादकांच्या आठवणी यांत ढोलकीवाल्यांची व झीलकऱ्यांची नावे मिळू शकतात. या दोन जिल्ह्यांतील महाविद्यालयांच्या इतिहास व मराठी विभागांनी विद्यार्थ्यांच्या साहाय्याने असे संकलन हाती घेणे उचित ठरेल. फडातील वृद्ध साथीदारांची पिढी वेगाने कमी होत आहे. तिच्या हयातीत ही नावे उतरवून घेतली गेली, तरच 'आणि पार्टी' या शब्दांमागे कोण उभे होते हे पुढील अभ्यासकाला सांगता येईल.